विश्लेषण : पट्टा अडला कुठे? ब्राउझरमधील कारखाना-कोडी आणि खेळाडूंच्या अभिप्रायाचे मोल

कन्व्हेयर पट्टे जोडून छोटासा कारखाना चालवण्याची कोडी जगभर ब्राउझरमध्ये खेळली जातात. ‘पट्टा चालत नाही’, ‘ही लेव्हल अशक्य आहे’, ‘गेम बंडल’ अशा एका ओळीच्या प्रतिक्रियाही त्यांना ढिगाने मिळतात. त्यातल्या कोणत्या प्रतिक्रियेने खेळ सुधारतो आणि कोणती वाया जाते? तक्रार एका जागी आणि दोष दुसऱ्या जागी, असे का होते? आणि एक शब्दही न लिहिता खेळ बंद करणाऱ्या खेळाडूचे काय?

हा खेळ नेमका कसा असतो?

साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की ऊस सरकत पुढे जातो. त्याचे तुकडे होतात, मिलमध्ये रस निघतो, बगॅस बॉयलरकडे जातो. अहिल्यानगर जिल्ह्याला हे दृश्य नवे नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० पासूनचा आहे. पट्ट्याच्या कोड्यात हेच काम पडद्यावरच्या चौकटींत करायचे असते. एका टोकाला कच्चा माल निघतो, दुसऱ्या टोकाला तयार वस्तू हवी असते. मधल्या चौकटींत पट्टे टाकायचे, वळवायचे, फोडायचे, जोडायचे आणि योग्य जागी यंत्रे बसवायची.

‘शेप्झ’ हा या प्रकारातला सर्वांत परिचित ब्राउझर खेळ. जर्मनीच्या टोबियास स्प्रिंगर यांनी तो २०२० मध्ये आणला. त्यात लोखंड किंवा तांबे नाही, शत्रू नाही, वेळेची घंटाही नाही. वर्तुळ, चौकोन, तारा असे आकार जमिनीतून निघतात. ते कापायचे, फिरवायचे, रंगवायचे, एकावर एक रचायचे आणि मधल्या केंद्राकडे पाठवायचे. सुरुवातीला साधे वर्तुळ पुरते. पुढे अर्धे वर्तुळ लागते, मग दोन रंगांचा जोडआकार. पाहता पाहता पडदाभर पट्ट्यांचे जाळे होते.

या खेळाची प्रेरणा ‘फॅक्टोरिओ’ची. प्रागमधील वूबे सॉफ्टवेअर या कंपनीने २०१३ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करून तो पुढे नेला आणि १४ ऑगस्ट २०२० रोजी त्याची १.० आवृत्ती आली. फॅक्टोरिओ ब्राउझरमध्ये चालत नाही, तो संगणकावर उतरवून घ्यावा लागतो. मात्र पट्ट्याच्या खेळांची आजची भाषा बऱ्याच अंशी त्याने घडवली.

ब्राउझरमध्येच का?

कारण उघडायला काही लागत नाही. ॲप उतरवायचे नाही, फोनमधली जागा अडवायची नाही, नोंदणी बहुधा करायची नाही. दुवा उघडला की खेळ सुरू. भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी डोंगराआड गेले की मोबाइलचे दांडे एकेक करून कमी होतात. तिथे मोठे ॲप उतरवणे हा अर्ध्या दिवसाचा उद्योग होऊ शकतो. छोटा ब्राउझर खेळ एकदा उघडला की त्यातले अनेक खेळ पुढे फारसा डेटा मागत नाहीत.

या प्रकाराला ब्राउझरमध्ये जुना इतिहासही आहे. झॅक बार्थ यांनी २००८ मध्ये ‘द कोडेक्स ऑफ अल्केमिकल इंजिनीअरिंग’ हा यंत्रे जुळवण्याचा खेळ फ्लॅशमध्ये केला. २०१० मध्ये निकोलस फाइनबर्ग यांचा ‘मॅन्युफॅक्टोरिया’ आला. त्यात पट्ट्यावरून येणारा यंत्रमानव त्याच्यासोबतच्या लाल-निळ्या ठिपक्यांच्या ओळीवरून पास की नापास, हे ठरवायचे असे. दिसायला ते पट्ट्याचे कोडे होते. प्रत्यक्षात संगणकशास्त्राचा एक मूलभूत धडा होता.

पुढे ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार बंद केला. जानेवारी २०२१ पासून जुने फ्लॅश खेळ ब्राउझरमध्ये थेट उघडेनासे झाले. काही रफल नावाच्या साधनामुळे पुन्हा चालू लागले, काही नव्याने लिहिले गेले. मॅन्युफॅक्टोरियाची नवी आवृत्ती २०२२ मध्ये आली. आजचे ब्राउझर खेळ बहुतेक जावास्क्रिप्टवर चालतात आणि अनेकदा एक-दोन माणसांनी फावल्या वेळात केलेले असतात. त्यांच्याकडे चाचणी करणारा वेगळा विभाग नसतो. त्यांचा चाचणी विभाग म्हणजे खेळाडू. म्हणूनच इथे अभिप्रायाला जास्त किंमत आहे.

अडचण एकीकडे, तक्रार दुसरीकडे, असे का होते?

एक साधा हिशेब पाहू. खाणीतून पट्ट्यावर मिनिटाला ६० वस्तू येतात. कापणीचे एक यंत्र मिनिटाला २० वस्तू कापते. म्हणजे तीन यंत्रे हवीत. खेळाडूने दोनच बसवली. आता मिनिटाला ४० वस्तू कापल्या जातील आणि २० मागे साचतील. पट्ट्यावर आणखी ३० वस्तू मावण्याइतकी जागा रिकामी असेल, तर ती भरायला दीड मिनिट लागेल.

या दीड मिनिटात सगळे सुरळीत दिसते. खेळाडू पुढच्या कामाला लागतो. मग पट्टा भरतो, रांग मागे मागे सरकत खाणीपर्यंत जाते आणि खाण थांबते. खेळाडू परत येऊन पाहतो तो खाण बंद! तो लिहितो, ‘तुमची खाण मध्येच बंद पडते, दुरुस्त करा.’ खाणीत काहीच बिघाड नसतो. दोष पुढे, न बसवलेल्या तिसऱ्या यंत्रात असतो.

म्हणजे खेळाडू खोटे बोलला का? अजिबात नाही. त्याने जे पाहिले ते खरे होते. कारण मात्र त्याने जिथे पाहिले तिथे नव्हते. निर्मात्यासाठी यातली खरी बातमी वेगळीच आहे : कोंडी कुठून सुरू झाली, हे खेळाने खेळाडूला दाखवले नाही. अडलेल्या यंत्रावर एक लाल दिवा लागला असता, तर हा खेळाडू तक्रार न करता तिसरे यंत्र बसवून पुढे गेला असता.

प्रवरा खोऱ्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. तिथून सुटलेले पाणी निळवंडे धरण, मग नदीपात्रातून ओझर बंधारा, तिथून प्रवरेचा डावा आणि उजवा कालवा, पुढे वितरिका आणि चाऱ्या असा प्रवास करते. आवर्तन सुटले आणि टेलच्या शेतात पाणी पोहोचले नाही, की पहिली मागणी होते ती धरणातून विसर्ग वाढवण्याची. कधी तेच उत्तर असते. पण कधी पाणी वाटेत मुरलेले असते, कधी चारी गाळाने भरलेली असते, कधी वरच्या भागातले भरणे लांबलेले असते. ‘टेलला पाणी नाही’ ही माहिती शंभर टक्के खरी आणि मोलाची. ‘विसर्ग वाढवा’ हा त्यावरचा एक अंदाज. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तरच कुठे काय दुरुस्त करायचे ते कळते.

उद्योगजगतात या विचाराला नाव आहे. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ मध्ये ‘द गोल’ या कादंबरीतून तो मांडला : साखळीतली सर्वांत मंद जागा संपूर्ण साखळीचा वेग ठरवते, ती सोडून बाकी कुठेही सुधारणा केली तरी उत्पादन वाढत नाही. पट्ट्याचा खेळ खेळणारा दहावीतला मुलगा हे पुस्तक न वाचताही तासाभरात या निष्कर्षाला येतो.

खेळाडूंच्या नेहमीच्या तक्रारी कोणत्या?

या प्रकारच्या खेळांत काही तक्रारी पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येकीमागे तांत्रिक कारण असते.

पहिली, बोटाची. अनेक ब्राउझर खेळ माउस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. माउसचे टोक बारीक असते. अंगठा तीन चौकटी झाकतो. पट्टा उजवीकडे न्यायचा तर खाली जातो, पान सरकवायला गेले तर नवा पट्टा पडतो. खेळाडू लिहितो, ‘कंट्रोल खराब.’ इथे चौकटी मोठ्या करणे किंवा ‘बांधा’ आणि ‘सरकवा’ अशी दोन वेगळी बटणे देणे, एवढ्याने काम भागू शकते.

दुसरी, पुसण्याची. चुकून एक पट्टा पुसला गेला आणि मागे घ्यायची सोय नसेल, तर वीस मिनिटांची मेहनत जाते. कोडे म्हणजे चुका करून पाहणे. चुकीची किंमत जास्त ठेवली, तर खेळाडू प्रयोग करायचे सोडतो.

तिसरी, प्रगती हरवण्याची. ब्राउझर खेळ अनेकदा खेळाडूची प्रगती त्या फोनच्या त्याच ब्राउझरमध्ये साठवतात. ‘ब्राउझिंग डेटा साफ करा’ दाबले, खासगी विंडोत खेळले किंवा दुसऱ्या फोनवर उघडले, की सगळे पुन्हा पहिल्या लेव्हलपासून. खेळाडूला हा खेळाचा दोष वाटतो. पण हे आधी सांगणे आणि प्रगती फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय देणे, ही निर्मात्याचीच जबाबदारी.

चौथी, रंगांची. ज्यांना काही रंगांतला फरक ओळखता येत नाही, त्यांच्यासाठी लाल आणि हिरवी वस्तू एकच. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हे प्रमाण बरेच अधिक असते. असा खेळाडू ‘लेव्हल अशक्य आहे’ असे लिहितो तेव्हा त्याच्यापुरते ते खरेच असते. शेप्झमध्ये यासाठी वेगळी सोय आहे; ती सुरू केल्यावर रंगाचे नाव दिसते.

पाचवी, फोन तापण्याची. पट्ट्यावर हजारो वस्तू झाल्या आणि खेळ प्रत्येक वस्तूची जागा क्षणाक्षणाला नव्याने मोजत असेल, तर साधा फोन दमतो. फॅक्टोरिओच्या चमूने २०१७ मध्ये यावर काढलेला उपाय पाहण्यासारखा आहे. रांगेत लागलेल्या उसाच्या गाड्या डोळ्यांसमोर आणा. रांग एका वेगाने पुढे सरकत असेल तर दोन गाड्यांमधले अंतर बदलत नाही. बदलते फक्त पहिल्या गाडीचे दारापासूनचे अंतर. मग प्रत्येक गाडीची जागा कशाला मोजायची? त्यांनी वस्तूंच्या जागांऐवजी वस्तूंमधली अंतरे साठवली. काम कितीतरी पटीने हलके झाले. ‘गेम स्लो आहे’ या तीन शब्दांच्या तक्रारीमागे कधी कधी एवढे मोठे उत्तर दडलेले असते.

निर्माते खरेच ऐकतात का?

चांगले निर्माते ऐकतात. फॅक्टोरिओच्या चमूने अनेक वर्षे दर शुक्रवारी आपल्या कामाचा जाहीर हिशेब दिला : काय बदलतो आहोत, का बदलतो आहोत, कुठे फसलो. खेळाडू त्यावर तुटून पडत, आकडेमोड करून दाखवत.

२०१९ मधील ०.१७ आवृत्तीतली दोन उदाहरणे बोलकी आहेत. आधी साध्या पट्ट्यावरून सेकंदाला सुमारे १३.३३ वस्तू जात. वस्तूंमधले अंतर किंचित कमी करून तो वेग १५ केला गेला. पुढच्या दोन प्रकारच्या पट्ट्यांचे वेग ३० आणि ४५ झाले. बदल लहान, पण किती यंत्रांना किती पट्टे लागतील, हा हिशेब कागद-पेन्सिलीशिवाय जमू लागला. ज्या खेळात मजाच हिशेबाची आहे, तिथे नेटका आकडा ही सुद्धा सोय असते.

दुसरे उदाहरण उलटे आहे. त्याच आवृत्तीत नवशिक्यांना बोट धरून शिकवणारी एक नवी सुरुवात तयार केली गेली. त्यावर बरीच मेहनत झाली होती. पण ती अपेक्षेप्रमाणे उतरली नाही. पुढच्या ०.१८ आवृत्तीत चमूने ती बाजूला ठेवली आणि काय चुकले याचा जाहीर आढावाही घेतला. केलेले काम मागे घेणे कोणत्याही कारागिराला जड जाते. इथे ते केले गेले.

शेप्झचा मार्ग आणखी मोकळा होता. त्याचा मूळ कोड सर्वांना पाहण्यासाठी खुला ठेवला गेला. त्यामुळे खेळाडू फक्त तक्रार करत नव्हते. काही जण दुरुस्ती करून पाठवत, काही जण आपल्या भाषेत भाषांतर करत. खेळातले ठरलेले टप्पे संपल्यावर वेगवेगळे आकार मागितले जातात. त्यावर खेळाडूंनी मागेल तो आकार आपोआप बनवणारे एकच महायंत्र रचण्याचा छंद लावून घेतला आणि त्याला स्वतःच नावही दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘शेप्झ २’ची सुरुवातीची आवृत्ती विक्रीला आली. ब्राउझरमधल्या एका साध्या खेळाची ही वाटचाल खेळाडूंच्या सहभागाशिवाय अवघड होती.

मग सगळ्यांचेच ऐकायचे का?

नाही. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे मुख्य रचनाकार मार्क रोजवॉटर यांनी २०१६ मध्ये खेळनिर्मात्यांच्या परिषदेत आपल्या वीस वर्षांच्या अनुभवातून वीस धडे सांगितले. त्यातल्या एकाचा आशय असा : खेळाडू अडचण ओळखण्यात तरबेज असतात, उपाय सुचवण्यात नव्हे. हा खेळाडूंचा अपमान नाही. रुग्णाला कुठे दुखते हे डॉक्टरपेक्षा चांगले कळते. औषध कोणते, हे मात्र त्याने ठरवायचे नसते.

पट्ट्याच्या खेळात हे फार स्पष्ट दिसते. ‘पट्टे दुप्पट वेगाने चालवा’ ही नेहमीची मागणी. ती मान्य केली तर आज अडलेला खेळाडू सुटेल; पण कोड्यातला पेच निघून गेल्यामुळे उद्या कंटाळेल. त्याला हवे असते ते बहुधा वेगळेच : रचना पूर्ण झाली आहे, आता परिणाम पाहायचा आहे, वाट पाहायचा वैताग आला आहे. मग खेळाचा काळच पुढे पळवणारे एक बटण पुरते. पट्ट्याचा वेग आणि कोड्याचा पेच, दोन्हीला हात लावावा लागत नाही.

उलट बाजूनेही जपावे लागते. सर्वांत जास्त लिहितात ते सर्वांत जास्त खेळणारे. त्यांना खेळ सोपा वाटू लागलेला असतो, म्हणून ते अवघड लेव्हल मागतात. त्यांचेच ऐकत गेले, तर खेळ वरच्या मजल्यावर चढत जातो आणि खालची पायरीच नाहीशी होते.

न बोलणाऱ्यांचा आवाज कसा ऐकायचा?

इंटरनेटवरील वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडले. ऑनलाइन समूहात शंभरातले नव्वद जण फक्त पाहतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक लेखन उरलेल्या एकाचे असते. प्रत्येक ठिकाणी आकडे नेमके हेच असतील असे नाही, पण कल तोच दिसतो.

खेळाच्या बाबतीत हे अधिक बोचरे आहे. ज्याचा फोन नवा, नेट वेगवान आणि इंग्रजी सफाईदार, तो अभिप्राय लिहितो. ज्याच्याकडे घरातला एकच जुना फोन, तोही वडील कामावरून आल्यावर हातात येणारा, त्याच्याकडे खेळ उघडायला वेळ लागतो, सूचना इंग्रजीत असतात, पट्टा बोटाने वळत नाही. तो काही लिहीत नाही. तो पान बंद करतो. निर्मात्यापर्यंत त्याची एकही ओळ पोहोचत नाही आणि खेळ नव्या फोनवाल्यांसाठी आणखी चकचकीत होत जातो. कालव्याच्या मुखाशी बसून पाण्याची चौकशी केली तर सगळे समाधानी सापडतील; टेलला जाऊन विचारल्याशिवाय खरे चित्र कळत नाही.

यावर उपाय महागडा नाही. याच नील्सन यांनी २००० मध्ये दाखवून दिले होते की, पाच माणसांना एखादी गोष्ट वापरताना शांतपणे पाहिले, तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. छोट्या निर्मात्यासाठी हे दिलासा देणारे आहे. हजारो प्रतिसाद नकोत. पाच माणसे हवीत. फक्त ती पाच एकाच मित्रमंडळातली नसावीत. एक जण जुन्या फोनवर खेळणारा, एक जण असे खेळ कधीच न खेळलेला, एक जण इंग्रजीशी फारशी ओळख नसलेला असावा. आणि त्यांना शिकवायचे नाही. ‘अरे, तिथे नाही, इकडे दाब’ असे म्हणण्याचा मोह आवरून गप्प बसायचे आणि बोट कुठे अडखळते ते पाहायचे.

दुसरा उपाय खेळाच्या आतच असतो. कोणत्या लेव्हलला किती जण थांबले, कितव्या प्रयत्नात सुटले, याची निनावी मोजदाद ठेवता येते. शंभर जण सातवी लेव्हल उघडतात आणि आठवीपर्यंत वीसच पोहोचतात, तर दोष ऐंशी जणांच्या डोक्यात नसून सातव्या लेव्हलमध्ये असण्याची शक्यता अधिक. मात्र ते का थांबले हे आकडा सांगत नाही. त्यासाठी माणसाशीच बोलावे लागते.

खेळही खेळाडूला अभिप्राय देतो?

देतो, आणि चांगल्या कोड्याचे अर्धे यश त्यात असते. झॅकट्रॉनिक्सच्या ‘स्पेसकेम’ या २०११ मधील खेळात कोडे सुटले की एक आलेख दिसतो : इतरांनी किती चकरांत, किती चिन्हांत ते सोडवले आणि तुम्ही त्यात कुठे आहात. पहिला नंबर, शेवटचा नंबर अशी यादी नसते. आपले उत्तर बरोबर आहे, पण याहून नेटके उत्तर शक्य आहे, एवढेच कळते. मग खेळाडू सुटलेले कोडे पुन्हा उघडतो.

खऱ्या कारखान्यात या कल्पनेचे एक प्रसिद्ध रूप आहे. जपानच्या टोयोटा कंपनीत जुळणीच्या रांगेवरील कामगाराला दोष दिसला की तो दोरी ओढू शकतो. दिवा लागतो, मदतीला माणूस येतो आणि दोष तिथे सुटला नाही तर रांग थांबते. याला ‘अँडन’ म्हणतात. रांग थांबणे वरवर नुकसानीचे. पण दोष जिथे निर्माण झाला तिथेच पकडला जातो. तो शंभर गाड्यांत पसरत नाही. खेळाडूची वेळेवर आलेली नेमकी तक्रार म्हणजे हीच दोरी.

उपयोगी अभिप्राय कसा लिहावा?

‘फालतू गेम’ याने राग व्यक्त होतो, दुरुस्ती होत नाही. ‘मस्त गेम’ याने बरे वाटते, पण काय टिकवायचे ते कळत नाही. उपयोगी अभिप्रायात चार गोष्टी असतात : कुठे, काय करत होतो, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. सोबत फोन आणि ब्राउझरचे नाव असले की निर्मात्याचे निम्मे काम झाले.

उदाहरणार्थ : ‘लेव्हल सात. अँड्रॉइड फोन, क्रोम. दोन पट्टे एकत्र जोडले. दोन्हीकडच्या वस्तू आलटून पालटून येतील असे वाटले. डावीकडचाच माल येत राहिला, उजवीकडचा थांबला. दोनदा करून पाहिले, दोन्ही वेळा तेच.’ इतके वाचून निर्माता तोच प्रसंग आपल्या पडद्यावर घडवून पाहू शकतो. एखादा स्क्रीनशॉट जोडला तर उत्तमच. उपाय सुचवायचा असेल तर जरूर सुचवावा, पण शेवटी आणि वेगळा.

मराठीत लिहिले तर चालेल का? चालेल. निर्माता परदेशी असला तरी भाषांतराची साधने आज हाताशी आहेत आणि छोटी, सरळ वाक्ये त्यांत नीट उतरतात. मराठीत आलेल्या अभिप्रायाने आणखी एक गोष्ट कळते : या भाषेत खेळणारे लोक आहेत. भाषांतराची मागणी दिसली, तरच भाषांतराचा विचार होतो.

पालकांनी काय पाहावे?

असे कोडे आणि पैशांचा खेळ यांत गल्लत करू नये. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या २०२५ मधील केंद्रीय कायद्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. पैसे न लावता खेळायचे पट्ट्याचे कोडे त्यात मोडत नाही. तरीही दोन गोष्टी तपासाव्यात. एक, मध्ये येणाऱ्या जाहिराती कुठे नेतात. दोन, अभिप्रायाचा अर्ज काय मागतो. लेव्हल अडल्याचे सांगायला मोबाइल क्रमांक, पत्ता किंवा शाळेचे नाव लागत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची वैयक्तिक माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागण्याची तरतूद आहे. नाव न घेता मत मागणारा निर्माता मुलांसाठी अधिक सुरक्षित.

आणि मुलगा ‘गेम बिघडला’ म्हणत फोन बाजूला ठेवू लागला, तर एक प्रश्न विचारून पाहावा : ‘पहिली वस्तू कुठे थांबली?’ पट्ट्यावर बोट ठेवून तो मागून पुढे जाऊ लागेल. कधी त्याला आपलीच चूक सापडेल, कधी खरोखर खेळाची. पहिल्या वेळी कोडे सुटेल. दुसऱ्या वेळी निर्मात्याला पाठवण्यासारखी चार वाक्ये तयार झालेली असतील.